विद्यार्थ्यांचे संकेतस्थळ : आराखड्यापासून वापर-चाचणीपर्यंत

विद्यालये व महाविद्यालये यांतून संकेतस्थळ तयार करण्याचा प्रकल्प आता नवा राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञानाचे विद्यार्थी तो करतातच. इतिहास, पर्यावरण, वाणिज्य यांसारख्या शाखांतूनही गावाचे, देवराईचे, ग्रंथालयाचे किंवा एखाद्या स्थानिक व्यवसायाचे संकेतस्थळ करण्याचे काम दिले जाते. सादरीकरणाच्या दिवशी ते प्रोजेक्टरवर दाखवले जाते, परीक्षक चार प्रश्न विचारतात, गुण दिले जातात आणि पुढे ते संकेतस्थळ कोणी उघडीत नाही. या सगळ्या क्रमात ज्याच्यासाठी ते तयार झाले तो वापरकर्ता कुठेच येत नाही. त्याला या क्रमात सुरुवातीपासून सामावून घेण्याची रीत म्हणजे वापर-चाचणी. तिला खर्च जवळजवळ नाही, यंत्रसामग्री लागत नाही आणि शालेय वेळापत्रकात ती सहज बसते. तिची पद्धत, तिच्यामागील अभ्यास आणि मराठी संकेतस्थळ करणाऱ्यांनी पाळावयाची पथ्ये यांचा परिचय पुढे दिला आहे.

संकल्पना आणि पार्श्वभूमी

एखादी वस्तू नेमून दिलेल्या कामासाठी किती सहज वापरता येते, या गुणाला वापरसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ‘आयएसओ ९२४१-११’ या मानकात (१९९८, सुधारित २०१८) तिची तीन अंगे सांगितली आहेत : परिणामकारकता म्हणजे काम पूर्ण झाले की नाही, कार्यक्षमता म्हणजे त्यासाठी किती वेळ व श्रम लागले, आणि समाधान म्हणजे करणाऱ्याला ते करताना कसे वाटले. विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट काम आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच ही तिन्ही अंगे मोजायची असतात. त्यामुळे ‘आमचे संकेतस्थळ सोपे आहे’ हे विधान अपुरे ठरते; कोणाला, कशासाठी आणि कुठे सोपे आहे, हे सांगावे लागते.

वापर-चाचणीत प्रत्यक्ष वापरकर्त्याला एखादे काम देऊन तो ते कसे करतो याचे निरीक्षण केले जाते. काम करताना मनात येणारे विचार त्याने मोठ्याने बोलून दाखवावेत, ही या चाचणीची प्रमुख पद्धत. आयबीएम या कंपनीत संशोधन करणारे क्लेटन लुईस यांनी १९८२ साली संगणकीय रचनेच्या तपासणीसाठी ती मांडली. पुढे जेकब नील्सन यांनी कमी खर्चात, थोड्या माणसांवर, पण वारंवार चाचणी घेण्याचा पुरस्कार केला. स्टीव्ह क्रूग यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘डोन्ट मेक मी थिंक’ या पुस्तकाने ही पद्धत सामान्य संकेतस्थळकर्त्यांपर्यंत पोहोचवली.

उदाहरणादाखल एक प्रकल्प

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक काल्पनिक प्रकल्प समोर ठेवू. उच्च माध्यमिक विद्यालयातील चार विद्यार्थ्यांचा गट गोव्यातील फेरीबोटींची माहिती देणारे संकेतस्थळ करीत आहे. रायबंदर–चोडण, जुने गोवे–दिवाडी, केरी–तेरेखोल अशा मार्गांच्या वेळा, भाडे आणि वाहने नेण्याचे नियम त्यात द्यायचे आहेत. गटाच्या पहिल्या आराखड्यात मुखपृष्ठावर मांडवीचे मोठे छायाचित्र, ‘आमच्याविषयी’, ‘आमचे मार्गदर्शक’ आणि फेरीबोटीचा इतिहास आहे. वेळापत्रक तिसऱ्या पृष्ठावर आहे.

हा आराखडा परीक्षकाच्या नजरेने केलेला आहे. वापरकर्ता कोठे असेल? तो धक्क्यावर उभा असेल, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात पिशवी असेल, डोक्यावर ऊन असेल किंवा पाऊस असेल. त्याला फेरीबोटीचा इतिहास नको असतो. पुढची फेरी केव्हा सुटते एवढेच हवे असते. चुकीचे उत्तर मिळाले किंवा उत्तर वेळेत सापडले नाही, तर त्याला ताटकळावे लागेल किंवा लांबचा वळसा घ्यावा लागेल. म्हणून कोणतेही पृष्ठ रचण्यापूर्वी गटाने तीन वाक्ये लिहून काढावीत : हे कोण वापरील, कोठे वापरील आणि त्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल. पुढचे सर्व निर्णय या तीन वाक्यांशी ताडून पाहावेत.

माहितीची वर्गवारी

कोणती माहिती कोठे ठेवावी, हे करणाऱ्यांनी परस्पर ठरवू नये. त्यासाठी चिठ्ठ्यांच्या वर्गवारीची साधी पद्धत आहे. संकेतस्थळावरील प्रत्येक विषय एकेका चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या मिसळून एखाद्या वापरकर्त्यापुढे ठेवायच्या आणि त्याला त्यांचे गठ्ठे करायला सांगायचे. गठ्ठे झाल्यावर प्रत्येकाला तो कोणते नाव देईल, हेही विचारायचे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचे अंतर्गत संकेतस्थळ १९९४ साली रचताना नील्सन आणि डॅरेल सॅनो यांनी माहितीचे ५१ प्रकार अशाच चिठ्ठ्यांवर लिहून वर्गवारी करून घेतली होती. शालेय प्रकल्पाला २० ते ३० चिठ्ठ्या पुरतात.

या कामातून नावांविषयी बरेच काही कळते. गट ज्याला ‘सेवाविषयक माहिती’ म्हणतो त्याला वापरकर्ता ‘फेरीच्या वेळा’ म्हणेल. शीर्षक म्हणून दुसरे नाव घ्यावे. गोव्यात स्थळनामांचा प्रश्न विशेष बिकट आहे. एकाच बेटाला मराठीत चोडण म्हणतात, तर रोमन लेखनात पोर्तुगीज वळणाचे चोराव हे नाव रूढ आहे. दिवाडी आणि दिवार, मडगाव आणि मार्गाव, पणजी आणि पंजिम अशा जोड्या सर्वत्र आढळतात. शोधचौकटीत यांपैकी कोणतेही नाव टंकले तरी तेच पृष्ठ उघडले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक मार्गाच्या नोंदीत त्या स्थळाची सर्व प्रचलित नावे, दोन्ही लिप्यांत, साठवून ठेवावीत.

कागदी प्रारूप

संकेतलेखन सुरू करण्यापूर्वी प्रारूप कागदावर काढावे. मोबाइलच्या पडद्याएवढे आयत आखून प्रत्येकात एकेक पृष्ठ पेन्सिलीने रेखाटायचे, एवढेच काम असते. चाचणीच्या वेळी सहभागी व्यक्ती कागदावरील कळ बोटाने दाबते आणि गटातील एक विद्यार्थी ‘संगणक’ होऊन पुढचा कागद समोर ठेवतो. कॅरोलिन स्नायडर यांनी २००३ साली या पद्धतीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आहे.

कागदाचे दोन लाभ आहेत. दुरुस्ती खोडरबराने होते, त्यामुळे ती करायला कोणी कचरत नाही. महिनाभर खपून लिहिलेले पृष्ठ मात्र सदोष दिसले तरी टाकवत नाही. शिवाय, रेखाटन कच्चे दिसते म्हणून पाहणारा मोकळेपणाने दोष सांगतो. रंग, चित्रे आणि अक्षरवळण यांची चर्चा या टप्प्यावर करू नये. मार्ग निवडणे, वेळ वाचणे आणि मागे येणे, ही तीन कामे कागदावर सुरळीत झाली की मगच संगणकाकडे वळावे.

देवनागरीची पथ्ये

रचनेचे बहुतेक तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. ते मराठी मजकुरासाठी जसेच्या तसे वापरल्यास काही दोष हमखास उद्भवतात.

पहिले पथ्य युनिकोडचे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत केलेला मजकूर दिसायला मराठी असला तरी यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हेच असतात. त्यात शोध लागत नाही आणि टंक नसलेल्या यंत्रावर तो वाचता येत नाही. जुन्या पुस्तिकेतील मजकूर घेताना तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासावा.

दुसरे, ओळींमधील अंतर. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग येतात. रोमन मजकुराला पुरेसे असणारे अंतर येथे अपुरे पडते. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडी अधिक ठेवावी. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची सोय मथळ्यांसाठी मुळीच वापरू नये; तिने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कळीत दिसतो.

तिसरे, टंकाची परीक्षा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द निवडलेल्या टंकात लिहून पाहावेत. दुसऱ्या शब्दातील अर्धा ‘र’ नीट न उमटल्यास समुद्र आणि खोरी यांतला भेदच नाहीसा होतो. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्त हे मोफत उपलब्ध असलेले टंक या कामी उपयोगी आहेत. ‘ळ’, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचा मराठी वळणानुसार आकार आणि वर्णानुक्रमातील स्थान हेही पाहून घ्यावे.

चौथे, अंक. काही वाचक ‘७.३०’ असे शोधतात, तर काही रोमन अंकांत. दोन्ही प्रकारचे अंक एकच मानण्याची व्यवस्था शोधात असावी.

पाचवे, भाषेची खूण. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असल्याने पृष्ठ कोणत्या भाषेत आहे, हे यंत्राला लिपीवरून कळत नाही. संकेतलेखनात मराठीसाठी ‘एमआर’ आणि कोकणीसाठी ‘केओके’ ही भाषाखूण द्यावी लागते. ती नसल्यास दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली भलत्याच भाषेच्या उच्चारांत मजकूर वाचू शकते.

सर्वांसाठी सुगम्यता

अपंग व्यक्तींना वापरता येणे हा स्वतंत्र दयाधर्म नसून रचनेचा प्राथमिक गुण आहे. त्यासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे जगभर मानली जातात, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या मध्यम स्तरानुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १, तर मोठ्या मजकुरासाठी ३ : १ असावे लागते. बोटाने दाबायच्या कळांसाठी, काही अपवाद वगळता, किमान २४ × २४ पिक्सेल एवढी जागा किंवा तिची भरपाई करणारे भोवतालचे अंतर सांगितले आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शिका २००९ मध्ये आली आणि तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. विद्यार्थ्यांना ती बंधनकारक नाही. तरी पडताळणीसूची म्हणून ती चांगली आहे.

फेरीबोटीच्या उदाहरणात फिकट निळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे वर्गात सुंदर दिसतील; धक्क्यावरच्या उन्हात दिसणार नाहीत. बंद असलेली फेरी केवळ लाल रंगाने दाखवल्यास रंगभेद न ओळखणाऱ्याला ती कळणार नाही. तेथे ‘बंद’ हा शब्दही हवा. सुगम्यतेचे नियम पाळल्याचा लाभ असा सर्वांनाच होतो.

चाचणीची तयारी

सहभागी व्यक्ती निवडताना वर्गमित्र टाळावेत. त्यांना प्रकल्प ठाऊक असतो आणि मैत्रीखातर ते दोष सांगत नाहीत. वर उल्लेखिलेल्या प्रकल्पासाठी रोज फेरीने कामावर जाणारी व्यक्ती, वयस्कर गृहिणी, मासळी विकणारी बाई, बाहेरगावचा पर्यटक आणि रोमन लिपीतच कोकणी वाचणारी व्यक्ती, असा संच योग्य ठरेल. गोव्यात लिपी आणि भाषा यांची सरमिसळ इतकी आहे की, एकाच घरातील आजी आणि नात वेगवेगळ्या लिपीत वाचत असू शकतात. निवडीत ही विविधता उतरली पाहिजे.

कामे कशी मांडली आहेत यावर चाचणीचा कस अवलंबून असतो. ‘वेळापत्रक या दुव्यावर टिचकी मारा’ असे सांगणे म्हणजे उत्तर फोडणे होय. त्याऐवजी प्रसंग द्यावा : ‘तुम्ही चोडणला मावशीकडे जेवायला गेला आहात. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. रायबंदरला परत येण्यासाठी फेरी आहे का आणि असल्यास केव्हा, ते शोधा.’ संकेतस्थळावरील शब्द कामाच्या वर्णनात येऊ देऊ नयेत. अशी चार-पाच कामे पुरेत. प्रत्येक काम केव्हा पूर्ण झाले असे मानायचे, हे आधीच लिहून ठेवावे. संपूर्ण चाचणी एका व्यक्तीसाठी अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये.

चाचणी घेताना

प्रारंभी सहभागी व्यक्तीला स्पष्ट सांगावे : ‘आम्ही तुमची परीक्षा घेत नाही. या संकेतस्थळाची परीक्षा घेतो आहोत. अडखळलात तर दोष आमच्या कामाचा आहे.’ हे सांगणे केवळ औपचारिक नाही. ‘मला हे मोबाइलमधले काही जमत नाही गो बाई’ असे म्हणून वडीलधारी माणसे दोष स्वतःकडे घेतात आणि नेमकी तीच अडचण नोंदीतून निसटते.

गटातील एकानेच बोलावे, दुसऱ्याने लिहावे, इतरांनी दूर बसावे. बोलणाऱ्याचे खरे काम गप्प राहण्याचे आहे. सहभागी व्यक्तीने ‘हे दाबू का?’ असे विचारले तर ‘मी येथे नसतो तर तुम्ही काय केले असते?’ असा प्रतिप्रश्न करावा. ती बराच वेळ थांबली तर ‘आता काय शोधता आहात?’ एवढेच विचारावे. आपण कष्टाने केलेली कळ समोर असून माणसाला दिसत नाही, हे पाहताना हात आपोआप पडद्याकडे जातो, तो आवरावा. मदत केल्यास त्या क्षणानंतरची नोंद निरुपयोगी होते.

मते आणि वर्तन यांत फरक पडला तर वर्तनावर विश्वास ठेवावा. ‘छान आहे’ हा आपल्याकडील शिष्टाचार आहे. तीन वेळा चुकीचे पृष्ठ उघडून शेवटी ‘छान आहे’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत, तीन चुकीची पृष्ठे ही खरी नोंद.

किती माणसे पुरेत?

नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार एक सहभागी सरासरी ३१ टक्के दोष उघडकीस आणतो. दुसरा काही जुनेच दोष पुन्हा दाखवतो, काही नवे. असे करीत पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. यावरून ‘पाच माणसे पुरेत’ हे सूत्र रूढ झाले. मात्र ही सरासरी आहे. लॉरा फॉकनर यांनी २००३ साली ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे अनेक संच काढून पाहिले, तेव्हा काही संचांना जवळजवळ सर्व दोष सापडले, तर एखाद्या संचाला ५५ टक्केच. संकेतस्थळ मोठे आणि वापरकर्ते भिन्न प्रकारचे असतील तर पाच अपुरे पडतात.

विद्यार्थ्यांनी यातून घ्यावयाचा बोध असा : १५ जण उपलब्ध असतील तर सर्वांची चाचणी एकदम घेऊ नये. पाच जणांवर चाचणी, मग दुरुस्ती, मग नव्या पाच जणांवर चाचणी, असे तीन फेरे करावेत. केलेली दुरुस्ती खरोखर उपयोगी पडली की तिने नवा घोटाळा केला, हे दुसऱ्या फेरीतच समजते.

नोंद, दुरुस्ती आणि मापन

त्याच दिवशी गटाने एकत्र बसून दोषांची यादी करावी. प्रत्येक दोषापुढे तो किती जणांना आला आणि किती गंभीर आहे, हे लिहावे. गंभीरतेसाठी नील्सन यांची शून्य ते चार ही श्रेणी सोयीची आहे : शून्य म्हणजे दोषच नाही, एक म्हणजे केवळ दिसण्यापुरता, दोन म्हणजे किरकोळ, तीन म्हणजे मोठा, चार म्हणजे काम अडवणारा. समजा, पाचपैकी तिघांनी रविवारचे वेळापत्रक इतर दिवसांचेच समजून वाचले. हा दोष चौथ्या श्रेणीचा. कारण वाचणाऱ्याला आपण चुकलो हे कळतही नाही. मुखपृष्ठावरील छायाचित्र दोघांना आवडले नाही, हा पहिल्या श्रेणीचा. दुरुस्ती चौथ्या श्रेणीपासून खाली करीत यावे.

वेळापत्रकासारखी माहिती बदलत असते. म्हणून ‘ही माहिती अमुक तारखेस धक्क्यावरील फलकावरून घेतली’ अशी ओळ प्रत्येक पृष्ठावर द्यावी आणि प्रकल्प संपल्यावर ती अद्ययावत ठेवणे शक्य नसेल तर संकेतस्थळ उतरवावे. जुने वेळापत्रक दाखवीत राहणारे संकेतस्थळ, नसलेल्या संकेतस्थळाहून अधिक त्रासदायक असते.

समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली प्रचलित आहे. प्रत्येक विधानाला एक ते पाच अशी सहमती द्यायची असते. विषम क्रमांकाच्या उत्तरांतून एक वजा करायचा, सम क्रमांकाचे उत्तर पाचातून वजा करायचे आणि बेरजेला २.५ ने गुणायचे. गुणांक शून्य ते १०० यांच्या दरम्यान येतो. अनेक अभ्यासांची सरासरी ६८ च्या आसपास आढळली आहे. हा गुणांक म्हणजे टक्केवारी नव्हे. शिवाय पाच जणांच्या उत्तरांवरून काढलेला आकडा फार डळमळीत असतो. तो अहवालात द्यावा, पण त्याच्या जोरावर दावा करू नये.

संमती आणि गोपनीयता

चाचणीपूर्वी उद्देश सांगून संमती घ्यावी आणि केव्हाही थांबण्याची मुभा द्यावी. नोंदीत नावांऐवजी ‘स-१’, ‘स-२’ असे संकेत वापरावेत. दूरध्वनी क्रमांक, पत्ता किंवा चेहऱ्याचे चित्रण यांची गरज नसते. पडद्याचे चित्रण पुरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. लहान मुलांवर चाचणी घ्यायची असल्यास पालकांना विचारावे आणि शिक्षकांनी उपस्थित राहावे.

मूल्यमापनाविषयी

शिक्षकांनी गुणांची विभागणी बदलल्यास प्रकल्पाचे स्वरूप बदलते. सर्व गुण सादरीकरणाच्या दिवशीच्या देखाव्याला असतील, तर विद्यार्थी देखावाच करतील. काही गुण वापरकर्त्याच्या वर्णनाला, काही चाचणीच्या नोंदींना आणि सर्वाधिक गुण चाचणीनंतर केलेल्या बदलांना द्यावेत. अहवालात पहिला आराखडा, सापडलेला दोष आणि सुधारलेला आराखडा शेजारी-शेजारी लावलेले असावेत. दोष सापडल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत, हे आरंभीच जाहीर करावे. अन्यथा ‘कोणालाही अडचण आली नाही’ असेच अहवाल येत राहतील.

आठ आठवड्यांच्या प्रकल्पासाठी साधारण विभागणी अशी करता येईल : पहिला आठवडा वापरकर्त्यांशी बोलण्यासाठी, दुसरा वर्गवारीसाठी, तिसरा कागदी प्रारूप व त्याच्या चाचणीसाठी, चौथा व पाचवा उभारणीसाठी, सहावा चाचणीसाठी, सातवा दुरुस्ती व फेरचाचणीसाठी आणि आठवा अहवालासाठी. उभारणीला दोनच आठवडे दिलेले पाहून विद्यार्थी कुरकुरतील. परंतु ज्या पृष्ठांची गरजच नाही ती पहिल्या तीन आठवड्यांत गळून गेलेली असतात. उरलेल्यांसाठी तेवढा अवधी पुरतो.